पान नंबर एक्केचाळीसवरचं तूप

पोळीवर तूप ओढून घेता येत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, आमच्या स्वयंपाकघरात एकवीस दिवस प्रयोग करून सांगतो. पोळी गरम असो की गार, तूप पातळ असो की थिजलेलं, ते त्याच्या मनानं जातं, तुमच्या-माझ्या मनानं जात नाही. तरीही आमच्या ग्रामसभेच्या रजिस्टरात, पान नंबर एक्केचाळीस, ओळ नववी, स्वच्छ निळ्या शाईत लिहिलेलं आहे की श्री. हरीओम यांनी आपल्या पोळीवर तूप ओढून घेतले. तो हरीओम म्हणजे मी. गाव रिठदच्या अलीकडे लागतं. नाव सांगत नाही, एकट्या माणसाची बदनामी झाली तेवढी पुरे.

झालं असं, की दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सौरदिव्यांचा विषय निघाला. गावाला सहा दिवे आले होते. पाच ठरल्या जागी लागले. सहावा लागायचा होता मारुतीच्या पाराजवळ, आणि लागला आमच्या फाटकासमोर. यात माझा हात एवढाच, की पाराजवळ खड्डा खोदणाऱ्या दोघांना खाली खडक लागला, ते घामाघूम होऊन आमच्या ओट्यावर टेकले, आणि आमच्या सौभाग्यवती गोजराबाईंनी त्यांना चहा दिला. सोबत चिवडा दिला. चहा पिता पिता त्यातल्या एकानं आमच्या फाटकासमोर पहार सहज टोचून पाहिली, ती हातभर आत गेली. यात कुणी कुणाचं काय ओढलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पण आमचे माजी सरपंच उकंडराव सभेत उभे राहिले. उकंडराव आणि मी चौथीपर्यंत एका बाकावर होतो, त्यामुळे त्याला माझ्याविषयी काहीही बोलायचा जन्मसिद्ध हक्क आहे असं तो धरून चालतो. तो म्हणाला, "हरीओमनं आपल्या पोयीवर तूप वढून घेतलं, दुसरं काय." लोक हसले. मीही हसलो, चारचौघांत माणूस हसतोच. हसल्या नाहीत त्या एकट्या योगिनी मॅडम, आमच्या ग्रामसेविका. कारंज्याहून नुकत्याच बदलून आलेल्या, प्रशिक्षण ताजं. सभेत जो जे बोलेल ते जसंच्या तसं लिहायचं असं त्यांना शिकवलेलं, आणि त्यांनी लिहिलं. खाली एकशे बारा जणांच्या सह्या झाल्या, त्यात माझीही झाली. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की बाप्पा, वाचून सही करत जा.

आता तुम्ही म्हणाल, एका वाक्यानं असं काय बिघडलं? तर ऐका. दत्तजयंतीला आमच्या गावात भंडारा असतो. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि रोडग्यावर तूप. भाजीची बादली कुणीही घ्यावी, वरण कुणीही वाढावं. तूप मात्र एकच माणूस वाढतो. तुपाचा गडू ज्याच्या हाती, तो सगळ्यांत शेवटी जेवतो, आणि त्या दिवशी स्वतः तुपाला शिवत नाही. एकतीस वर्षं हा मान तांड्यावरच्या लखमाजींकडे होता. आता त्यांचा हात कापतो. गेल्या भंडाऱ्याला त्यांनी गडू खाली ठेवला आणि सर्वांदेखत म्हणाले की पुढच्या साली हा हरीओमले द्या.

माझं काय झालं असेल, ते सांगतो. मी नोकरीपायी चौतीस वर्षं वाशिमला काढली. निवृत्त होऊन गावात आलो तर गावानं मला ‘सायब’ म्हणायला सुरुवात केली. गावात ज्याला सायब म्हणतात त्याला कुणी लग्नात मांडव घालायला बोलवत नाही आणि मयतीत खांदा द्यायला पुढं करत नाही. खुर्ची देतात. पाच वर्षं मी खुर्चीवर बसून होतो. लखमाजींनी माझं नाव घेतलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण आता या गावचे झालो. त्या आनंदात मी घरी येऊन गोजराबाईंना चहा करून दिला होता. तो त्यांनी प्यायला नाही ही गोष्ट वेगळी.

ग्रामसभेनंतर चौथ्या दिवशी उकंडराव पारावर म्हणाला की ज्याच्याबद्दल सरकारी रजिस्टरात असं लिहेल हाय, त्याच्या हाती गडू कसा देता? गडूवर उकंडरावाचा स्वतःचाच डोळा होता हे शेंबडं पोर सांगेल, पण सरकारी शाईपुढं कुणाचं चालत नाही. मी ठरवलं, ती ओळ खोडून घ्यायचीच.

योगिनी मॅडमनी मला खुर्ची दिली. पानं क्रमांकित आहेत, खाडाखोड केली तर माझी नोकरी जाईल, म्हणाल्या. सर, तुम्ही अर्ज द्या, मी तालुक्याला पाठवते. अर्ज लिहिणं हा माझा प्रांत. तीन पानी अर्ज केला, मुद्देसूद. पंधरा दिवसांनी तालुक्याहून शेरा आला : ‘सदर शब्दप्रयोगाचा अर्थ स्पष्ट करावा.’ मी शाळेतून कोश आणला आणि अर्थ उतरवून पाठवला, ‘दुसऱ्याचा विचार न करता स्वतःचा फायदा करून घेणे’. पोस्टात टाकल्यावर ध्यानात आलं, की आतापर्यंत एका रजिस्टरात एक ओळ होती. आता तालुक्याच्या फायलीत माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीनं, दोन प्रतींत लिहून दिलेलं आहे की ही ओळ मला उद्देशून आहे आणि तिचा अर्थ असा असा आहे.

दुसरा शेरा आला : ‘बाब खाद्यपदार्थाशी संबंधित असल्यास पुरवठा विभागाकडे वर्ग करावी. अन्यथा वाक्प्रचाराचा उगम सादर करावा.’ पुरवठ्यानं रेशनवर तूप दिलं जात नाही एवढं कळवून प्रकरण परत केलं. राहिला उगम.

उगम शोधायला निघालो आणि सारं गाव पंडित झालं. केस कापणारा म्हणाला, हे राजेरजवाड्यांच्या काळातलं आहे. पिठाच्या गिरणीवर कळलं की मुळात ती पोळी नव्हतीच, पुरण होतं. एकानं तर मलाच पटवलं की आपल्याकडं भंडाऱ्यात पोळी नसतेच, रोडगा असतो, तेव्हा म्हण आपल्या तालुक्याला लागूच होत नाही. हा मुद्दा मी अर्जात घेतला होता. गोजराबाईंनी तो वाचला आणि कागद माझ्याकडे न देता चुलीकडे नेला.

शेवटी शेजारच्या प्रेमसिंगानं मार्ग काढला. प्रेमसिंग जन्माचा गवंडी. त्याचं म्हणणं, बोलण्यानं काही सिद्ध होत नाही, करून पाहा. तूप जर ओढताच येत नसेल तर आरोपच खोटा. मला हे शास्त्रीय वाटलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ पोळी आणि तूप. प्रेमसिंग पाणसळ घेऊन यायचा, म्हणजे गवंडी भिंत-फरशी सपाट आहे का हे पाहतात ती पट्टी, काचेत थेंबभर हवा असलेली. ती ताटाशेजारी ठेवायची, तूप घालायचं आणि कुठं जातं ते पाहायचं. पाचव्या दिवशी दिसलं की तूप दर वेळी उत्तरेला जातं. प्रेमसिंगानं फरशी मापली. आमचं स्वयंपाकघर उत्तरेला बोटभर उतरतं आहे, आणि ज्या बाजूला तूप जातं त्या बाजूला मी बसतो.

गोजराबाई पोळ्या लाटायच्या थांबल्या. "पाच-सहा वर्सं झाले," त्या म्हणाल्या, "तुमी त्याच जाग्यावर काहून बसता?" मला खरंच माहीत नव्हतं हो. पण त्या दिवसापासून पाट फिरले.

तरी निष्कर्ष माझ्या बाजूचा होता. तूप उतारानं जातं, माणसाचा दोष नाही. मी प्रयोगाचा गोषवारा तयार केला, फरशीच्या उताराचा नकाशा जोडला, पाणसळीचे आकडे दिले, साक्षीदार म्हणून प्रेमसिंगाची सही घेतली आणि तालुक्याला पाठवला. उत्तर आठ दिवसांत आलं, इतकं चटकन सरकारी उत्तर मी नोकरीतसुद्धा पाहिलं नव्हतं. त्यात तुपाचं नावही नव्हतं. नकाशातलं स्वयंपाकघर घराच्या नोंदीत तीन फूट कमी दिसतं, तरी मोजणी करून अहवाल द्यावा, असं होतं. योगिनी मॅडम टेप घेऊन आल्या. फार ओशाळल्या होत्या. टेपचं एक टोक मीच धरलं.

इकडे माझ्या रक्तातली चरबी इतकी वाढली की डॉक्टरांनी घरात कुणाचं लग्न आहे का विचारलं. दत्तजयंती बारा दिवसांवर आली. रजिस्टरातली ओळ जागच्या जागी, आणि उकंडराव नवा गडू घासून ठेवतो आहे अशी बातमी. मी हरलो होतो. हरलेला माणूस जातो तसा मी तांड्यावर लखमाजींकडे गेलो. म्हटलं, आजा, तुम्ही माझं नाव घेतलं, तुमचा शब्द मी घालवला.

लखमाजी उन्हात बसून होते. मी त्यांना अर्थ, उगम, उतार, पुरवठा विभाग असं सगळं सांगितलं. ते पुष्कळ वेळ हसले. हसताना दात नसलेल्या तोंडातून आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग म्हणाले, "लेका, तू चवतीस वर्सं खुर्चीवर जेवला, म्हनून तुले ठावं नाई. पंगत दाटीची बसते तवा पत्रावयीवर पत्रावय चढते. दोघांच्या शिवेवर तूप सांडलं त ते कोनाचं? दोघायचंबी. जो पह्यले बोट घालते, तो आपल्याकडं वढते. आमच्या बुढ्यायनं म्हन सांगतली ते यावरून."

मी म्हटलं, म्हणजे ओढणारा स्वार्थीच ना.

"त्याची काय चूक? तूप हाय, त्यानं काहून सोडावं? चूक वाढनाऱ्याची. त्यानं शिवेवर सांडलंच काहून?"

मग त्यांनी मला जे सांगितलं ते गावात कुणालाच माहीत नव्हतं. एकतीस वर्षं, पंगत उठली की पत्रावळी उचलायच्या आधी ते एकटे ओळीनं फिरायचे. लोकांना वाटायचं म्हातारा अन्न वाया गेलं का ते पाहतो. ते बोटं पाहायचे. दोन पत्रावळींच्या शिवेवर तुपात बोटाची रेघ दिसली की तो दोष आपल्या हाताचा, असं धरून पुढच्या साली हात सुधारायचे. गेल्या साली त्यांना नऊ रेघा दिसल्या, म्हणून त्यांनी गडू ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत पारावर आले आणि सर्वांसमोर निवाडा केला. गडू हरीओम घेईल. पंगत उठल्यावर लखमाजी स्वतः फिरतील. एका जरी शिवेवर बोट दिसलं, तर गडू त्याच घडीला उकंडरावचा. उकंडराव लगेच कबूल झाला. कबूल न होऊन काय करतो, पाचशे पानं मांडणाऱ्या भंडाऱ्यात एकही रेघ उमटणार नाही असं कुणी स्वप्नातही मानलं नसतं. मीही मानलं नव्हतं.

उरलेले दिवस आमच्या अंगणात रोज पंगत बसली. पत्रावळी पळसाच्या, जेवणारे प्रेमसिंग आणि त्याचं घर, वाढणारा मी, आणि शिकवणाऱ्या गोजराबाई. मी पहिल्याच दिवशी तूप कडकडीत नेलं, ते रोडग्यावरून घसरून थेट शिवेवर गेलं. दुसऱ्या दिवशी गार नेलं, तर पळीतून गोळा पडला आणि प्रेमसिंगाच्या धोतरावर जाऊन बसला. गोजराबाई म्हणाल्या की गडू हातात धरून विसापर्यंत मोजता आलं, आणि पंचविसाला सोडावासा वाटला, म्हणजे तूप बेतशीर. रोडगा आधी कुस्करू द्यायचा, मधोमध खळगा पडू द्यायचा, आणि पळी खळग्यात उतरवून अर्धी घालायची. ते जिरलं की उरलेली अर्धी. हे सगळं त्यांना कधीपासून माहीत होतं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, लग्नाच्या आधीपासून. एकवीस दिवस प्रयोग चालू असताना का बोलल्या नाहीत, असंही विचारलं. म्हणाल्या, तुमी मले विचारलं कुठं, तुमी तालुक्याले विचारून राह्यले होते.

दत्तजयंती उजाडली ती कडाक्याच्या थंडीत. देवळामागच्या पटांगणात पहिली पंगत बसली, रोडगे पडले, भाजी पडली, वरण पडलं, आणि मी गडू उचलला तर आत तूप दगडासारखं थिजलेलं. कुणीतरी गडू चुलीजवळून उचलून लिंबाच्या सावलीत ठेवला होता. कुणी ठेवला हे मी विचारलं नाही. तीनशे माणसं हात आवरून माझ्याकडे पाहत होती. उकंडराव आकाशाकडे पाहत होता. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं गोजराबाई घमेलंभर गरम राख घेऊन आल्या, गडू त्यात रोवला आणि परत गेल्या. मी गडूला हात लावून मोजत उभा राहिलो. पंचविसाला हात सोडावासा वाटला. मग निघालो.

पहिली ओळ, दुसरी ओळ. अर्धी पळी, थांब, अर्धी पळी. कंबर मोडली, मानेत कळ आली, पण हात हलला नाही. लोक आधी कुजबुजत होते की सायब औषध वाढून राह्यला का. नंतर एकेक जण रोडग्यात आपणहून खळगा करून वाट पाहू लागला. पहिली पंगत उठल्यावर लखमाजी फिरून आले, रेघ नव्हती. दुसरी पंगतही तशीच चालली.

दुसऱ्या पंगतीच्या शेवटच्या ओळीत, शेवटून दुसरा, उकंडराव बसला होता. पलीकडे प्रेमसिंग. उकंडरावानं आपली पत्रावळ प्रेमसिंगाच्या पत्रावळीवर चार बोटं चढवली होती आणि आपला रोडगा नेमका त्या शिवेवर ठेवला होता, अख्खा, न कुस्करता. जेवणाऱ्याच्या पानाला वाढणाऱ्यानं हात लावायचा नसतो, हे त्याला माहीत होतं. "वाढ ना," तो म्हणाला. त्याचं बोट तयारच होतं.

मी गुडघे टेकले. माझे गुडघे टेकतात तेव्हा आवाज येतो, तो साऱ्या पटांगणानं ऐकला. रोडग्याला भाजताना पडलेली एक भेग होती, केसाएवढी. मी पळीची चोच त्या भेगेवर धरली आणि थेंब सोडला. तो जिरला. मग दुसरा. एक पळी तूप थेंबाथेंबानं घालायला किती वेळ लागतो हे मी मोजलं नाही, पण देवळातली आरती सुरू होऊन संपली. उकंडराव बोट वर धरून बसला होता. शेवटचा थेंब भेगेत गेला, पत्रावळ कोरडीच राहिली, आणि त्याला ते बोट खाली घ्यावं लागलं.

पंगत उठली. लखमाजी काठी टेकत ओळीओळीनं फिरले, प्रत्येक शिवेपाशी वाकून. आज पहिल्यांदा सारं गाव त्यांच्या मागून वाकत होतं. तिसऱ्या ओळीत ते थांबले. एका शिवेवर पिवळी रेघ होती, बोटाची. पान योगिनी मॅडमचं होतं, त्या रडवेल्या झाल्या. लखमाजींनी रेघेवर बोट टेकवलं, नाकाशी नेलं, मग चाटलं.

"वरन हाय," ते म्हणाले, आणि पुढे गेले.

शेवटच्या पत्रावळीपर्यंत गेले, सरळ उभे राहिले, आणि माझ्या हातातला गडू घेऊन परत माझ्याच हातात दिला. एकतीस वर्षांत त्यांना स्वतःला अशी पंगत कधी साधली नव्हती, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. लोकांनी गलका केला. कुणीतरी माझ्या पाठीवर जोराची थाप मारली, सायबाच्या पाठीवर मारत नाहीत तशी. मला रडू आलं. लपवलं नाही.

मग मी जेवायला बसलो, मातीवर, पत्रावळीपुढं, एकटा. तुपाशिवायचा कोरडा रोडगा. वाढायला कोण येतं म्हणून मान वर केली तर वरणाची बादली घेऊन उकंडराव उभा. त्यानं वरण घातलं, रोडगा घातला, पुन्हा वरण घातलं. तीन रोडगे खाईपर्यंत तो हलला नाही. त्या दिवशी मी जेवलो तसा जन्मात जेवलो नाही.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, पान एक्केचाळीसवरची ओळ खोडा. मी घाईनं उठलो. म्हटलं, खोडू नका, खोडायला तालुक्याची परवानगी लागेल आणि माझ्या स्वयंपाकघराची फाईल पुन्हा उघडेल. खाली एक ओळ वाढवा फक्त. योगिनी मॅडमनी लिहिलं : ‘दत्तजयंतीस श्री. हरीओम यांनी तूप वाढले. एकाही शिवेवर बोट उमटले नाही.’ सूचक म्हणून उकंडरावानं सही केली, पेन मॅडमना दिलं, आणि माझ्या शेजारी सतरंजीवर येऊन बसला.

"पुढच्या सालीबी मी शेवटच्याच ओळीत बसन," तो हळूच म्हणाला, "पन पत्रावय नीट ठेवीन."